फोन स्वस्त आहे, पण कात्री कुठे लावली?

वाचक विचारतात. उत्तरं देतात इंदूरच्या जेल रोडवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारे आपले फोनवाले काका.

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. त्यांचा जुना फोन आता चार्जच होत नाही. रोज पुण्याच्या माझ्या नणंदेशी व्हिडिओ कॉल, सकाळी यूट्यूबवर अभंग, भिशीच्या ग्रुपवरचे मेसेज, आणि मी शिकवल्यापासून विजेचं बिल नि भाजीवाल्याचे पैसे त्या स्वतः यूपीआयने देतात. आमचं बजेट आठ-नऊ हजार. दुकानदार म्हणाला, ‘आठ जीबी रॅम आहे, डोळे मिटून घ्या.’ माझा मुलगा म्हणतो, ‘दहाच्या खालचा फोन म्हणजे कचरा, सहा महिन्यांत हँग होणार.’ कोणाचं ऐकू?
– एक सून, रामबाग, इंदूर

उत्तर : दोघांचंही नको. दुकानदाराला पीस खपवायचा आहे आणि चिरंजीवांच्या डोक्यात बहुतेक गेम आहे. व्हिडिओ कॉल, अभंग आणि यूपीआय यांना फार ताकदीचा प्रोसेसर लागतच नाही. कचरा म्हणाल तर तो २०१६ साली पाहिला. २५१ रुपयांत स्मार्टफोन देतो म्हणणारे निघाले होते, बुकिंगला एवढी झुंबड उडाली की संकेतस्थळच बसलं. आमच्या गल्लीतही लोक ‘आला का?’ म्हणून विचारायला यायचे. आठ-नऊ हजारांचा फोन त्यातला नव्हे. तो सासूबाईंना पुरेल, फक्त निवडून घ्या.

या किमतीत कंपनीला सगळीकडे पैसा ओतता येत नाही. कुठेतरी कात्री लागतेच, आणि ती कुठे लागली हे जाहिरातीत नसतं. जाहिरातीत असतं ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा, ५००० एमएएचची बॅटरी आणि भला मोठा स्क्रीन. ते आता सगळेच देतात, त्यावरून काय निवडणार? माझ्या टेबलावर दोन वर्षांनी हेच फोन येतात तेव्हा तक्रार कॅमेऱ्याची नसते. मेमरी गच्च भरलेली असते, चार्जिंगचा जॅक ढिला असतो आणि अपडेट कधीचे बंद पडलेले असतात.

रॅम म्हणजे फोनला चालू काम मांडायला लागणारी जागा. तिच्याबद्दल दुकानदाराला एवढंच विचारा, ‘मूळची किती?’ उत्तर येईल, ‘चार, आणि चार व्हर्च्युअल.’ ही व्हर्च्युअल रॅम म्हणजे स्टोरेजचाच एक कोपरा. खरी रॅम कमी पडली की सामान तिथे सरकवायचं, आणि स्टोरेज तर रॅमपेक्षा कितीतरी मंद. ओटा लहान म्हणून पोळपाट माळ्यावर ठेवायचा आणि दर पोळीला शिडी चढायची, असा तो प्रकार. सासूबाईंना खरी ४ जीबी पुरेल, ६ मिळाली तर सोन्याहून पिवळं. २ किंवा ३ जीबी मात्र घेऊ नका. यूपीआयमधून बँकेचा मेसेज बघायला गेल्या आणि परत आल्या, की अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडतं, आणि पैसे गेले की नाही या घोळात त्या दोनदा भरतात.

स्टोरेज १२८ जीबीच घ्या. ६४ मध्ये सिस्टिम आणि आधीपासून कोंबलेली अ‍ॅप्स मिळून पंधरा-वीस जीबी गेलेली असतात, आणि तुमच्या घरात भिशीचा ग्रुप आहे! रोजची सुप्रभातची फुलं, एकादशीचे विठोबा, कोणाच्या तरी नातवाच्या मुंजीचे अख्खे व्हिडिओ. आता, भरलेला फोन हळू का होतो? फोनचं स्टोरेज म्हणजे फ्लॅश मेमरी, आणि तिच्यात जुन्यावर नवं थेट लिहिता येत नाही. आधी एक अख्खा ठोकळा पुसावा लागतो, मग लिहायचं. मोकळे ठोकळे भरपूर असले की हे काम मागच्या मागे उरकतं, आपल्याला कळतही नाही. मेमरी भरत आली की दर वेळी आधी इकडचं तिकडे हलवा, मग पुसा, मग लिहा. तेवढ्यात वापरणाऱ्याने स्क्रीनवर चार वेळा बोट मारलेलं असतं, आणि फोन ‘हँग’ म्हणून माझ्याकडे येतो. प्रोसेसर बिचारा ठणठणीत असतो. पाच-दहा हजार फोटो काढून टाकले की फोन चालायला लागतो, आणि लोकांना वाटतं काकांनी काहीतरी जादू केली.

स्टोरेजची जातही बघा. स्वस्त फोनांत ईएमएमसी ५.१ आणि यूएफएस २.२ अशा दोन जाती सापडतात. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचते नाहीतर लिहिते. यूएफएस दोन्ही एकदम करते आणि वाचण्याचा वेगही दुपटीहून जास्त. मागे अ‍ॅप अपडेट होत असताना पुढे फोन वापरून बघा, फरक लगेच कळतो. हे खोक्यावर सहसा छापत नाहीत, कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या तपशिलात शोधावं लागतं. तिथेही नुसतं ‘१२८ जीबी’ असेल तर ईएमएमसी धरून चाला. यूएफएस असती तर त्यांनीच ढोल वाजवला असता. तुमच्या बजेटात बहुधा ईएमएमसीच पदरात पडेल. चालेल, फक्त ती तुडुंब भरू देऊ नका. फोन हातात आला की व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडून फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा. ज्या मुंजीला जायचं होतं तिचे फोटो त्या बोट लावून उघडतील.

हे कागदावरचं झालं. आता सासूबाईंना दुकानात घेऊन जा, तेही भर दुपारी. सूनबाईने किंवा नातवाने परस्पर आणलेला फोन नको होतो तो इथेच.

डेमो पीसवर आधी त्यांचा अंगठा नोंदवा. आयुष्यभर धुणंभांडी केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि स्वस्त फोनचा बाजूच्या बटणातला सेन्सर चिंचोळा. माझ्याकडे अशा आजी येतात ज्यांचं बोट आधारच्या मशीनलाही पटत नाही. उजवा अंगठा लागला नाही तर डाव्या हाताची बोटं एकेक करून लावा, त्या हाताला कष्ट कमी पडलेले असतात. एकही लागलं नाही तर सहा आकडी पिन, आणि तो फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवायचा नाही. हसू नका, दर आठवड्याला अशी एकतरी चिठ्ठी माझ्या हातात पडते.

मग पीस घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात या. स्वस्त एलसीडी स्क्रीनचा उजेड चारशे-पाचशे निट्सच्या (हे उजेडाचं माप) घरात असतो. घरात तो झकास वाटतो, पण भाजीच्या गाडीपाशी बारा वाजता क्यूआर स्कॅन केल्यावर पन्नास लिहिलंय की पाचशे, हे त्यांना दिसलं पाहिजे. तिथेच उजेड पूर्ण वाढवून आणि सेटिंगमधून अक्षर मोठं करून बघा. अक्षर वाढवलं की काही फोनांत बटणांवरचे शब्द अर्धे कापले जातात.

आणि पायरीवरूनच पुण्याला फोन लावा. डेमो पीसमध्ये आपलं सिम घालू द्या म्हणावं. खुशीने घालू देत नाहीत, पण गिऱ्हाईक उठायला लागलं की देतात. आमच्या रस्त्यावर हॉर्नचा काय कालवा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यात नणंदबाईंचा आवाज कानाशी नीट आला तर घरी येणारच.

चार्जिंगला टाइप-सी जॅकच हवा. मायक्रो-यूएसबीचा जुना साठा अजून कुठे कुठे गळ्यात मारतात. ती पिन उलटी घुसवून जॅकचं जिभळं मोडलेले फोन माझ्याकडे इतके येतात की त्यावर घर चालावं. चार्जर १० वॉटचा असेल तर ५००० एमएएचला अडीच-तीन तास लागतील. सासूबाईंना कुठे गाडी पकडायची आहे? फक्त मे महिन्यात फोन गादीवर, उशीखाली ठेवून चार्ज करू देऊ नका. फुगलेल्या बॅटऱ्या मी उन्हाळ्यातच जास्त बघतो. खोक्यात चार्जर आहे की वेगळा घ्यावा लागेल, तेही विचारा. घरात जास्त वॉटचा चांगला चार्जर असेल तर तो चालतो, फोन झेपेल तेवढंच घेतो.

स्वस्त फोनच्या बाजूनेही एक सांगतो. पडून फुटला तर एलसीडीचा फोल्डर, म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले मिळून, साधारण दीड-दोन हजारांत बसतो. चिरंजीवांच्या फोनला अ‍ॅमोलेड, म्हणजे महागातला डिस्प्ले, असेल तर त्याचा भाव एकदा विचारून या. मात्र ज्या कंपनीचं नाव या गल्लीत कोणी ऐकलेलं नाही तिचा फोन घेऊ नका. तो बिघडला की फोल्डरसुद्धा मिळत नाही.

राहिले सुरक्षा अपडेट. कंटाळवाणा विषय, कोणीच विचारत नाही, आणि ज्या फोनमधून पैसे जातात त्यात माझ्या मते हाच पहिला बघावा. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहा. अपडेट तपासून घेतल्यावरही ती आठ-दहा महिन्यांपूर्वीचीच राहिली, तर कंपनीचा उरक किती ते कळलं. या किमतीत दोन वर्षांचं आश्वासन नेहमीचं. पण सॅमसंगने २०२५ मध्ये आणलेल्या गॅलेक्सी एफ०६ ५जीला चार वर्षांचं दिलं, म्हणजे द्यायचं म्हटलं तर स्वस्तातही देता येतं. घेण्याआधी हा आकडा लेखी बघा, तोंडी नको.

अपडेट मात्र भोळेपणावर चालत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल येते, ती उघडून अ‍ॅप बसवलं की मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात. सासूबाईंना सांगून ठेवा, खरी पत्रिका फोटोत येते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. आणि सेटिंगमध्ये बाहेरचं अ‍ॅप बसवायची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपला किंवा ब्राउझरला दिलेली नाही ना, ते तुम्ही स्वतः तपासा. लॉक स्क्रीनवर रोज नवं चित्र नि बातम्या दाखवणारी सोय असेल तर तीही पहिल्याच दिवशी बंद करा. स्वस्त फोनची उरलेली किंमत कंपनी अशाच जाहिरातींतून वसूल करते, आणि त्यावर बोट सगळ्यांत आधी म्हाताऱ्या माणसाचं पडतं.

प्रश्न : काका, मी बुऱ्हाणपूरचा. भंवरकुआंला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. सिम एअरटेलचं आहे. दिवसभर ऑनलाइन लेक्चर आणि पीडीएफ. दहा हजारांत ५जी फोन घेऊ की ४जी? मित्र म्हणतात, ४जी आता घेऊच नको.
– एक विद्यार्थी

उत्तर : सिम कोणतं ते लिहिलंस हे बरं केलंस, कारण सगळी मेख तिथेच आहे. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं ते दोन रस्त्यांनी. जिओने स्वतंत्र ५जी जाळं उभं केलं, त्याला एसए म्हणतात. एअरटेलने आपल्या ४जीच्या पायावर ५जी चढवलं, ते एनएसए. चांगल्या फोनमध्ये दोन्ही असतात, स्वस्त चिपमध्ये एक गाळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रेडमी ए४ ५जीमध्ये फक्त एसए आहे. त्यात एअरटेलच्या एनएसए जाळ्यावर फोन ४जीच पकडतो. फोन वाईट नाही, जिओवाल्याला चांगला आहे, तुझ्या सिमला तो नाही. म्हणून खोक्यावर ‘५जी’ वाचून थांबू नकोस, तपशिलात एसए आणि एनएसए दोन्ही लिहिलेलं शोध.

मला विचारशील तर तुझी गरज ५जी नाहीच. ७२०पीच्या लेक्चरला दोन-तीन एमबीपीएसचा वेग पुरतो, तो ४जीवर सहज मिळतो. तुझे डोळे दिवसभर पीडीएफवर असणार. ६.७ इंची स्क्रीनवर एचडी प्लस म्हणजे ७२० गुणिले १६००, इंचाला २६० च्या आसपास ठिपके. फुल एचडी प्लस घेतलास तर तेच ३९० च्या वर जातात. दोन कॉलमची प्रश्नपत्रिका उघडून बघ, पहिल्यात दर ओळीला झूम करावं लागतं. याच पैशात फुल एचडी प्लसचा ४जी फोन शोधला तर सापडतो, मी तो घेतला असता. मित्रांना म्हणावं, परीक्षा स्पीड टेस्टची नाही.

प्रश्न : मी घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. चकल्या-अनारशांचे फोटो स्टेटसला टाकायचे असतात. ५० मेगापिक्सेलचा तीन कॅमेरेवाला फोन नऊ हजारांत मिळतोय. फोटो चांगले येतील ना?
– लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, तीनपैकी एकच कॅमेरा कामाचा. बाकीची दोन भोकं पुष्कळदा शोभेची, दोन मेगापिक्सेलची किंवा त्याहून कमी. आणि ते ५० मेगापिक्सेलही एरवी ५० चा फोटो देत नाहीत. शेजारचे चार-चार ठिपके एकत्र करून साडेबाराचा फोटो बनतो. तुमच्या स्टेटसला तेवढाही जास्तच, कारण व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं.

दिवसाउजेडी फोटो छान येतील. रात्री ट्यूबलाइटखाली तळणीचा रंग पार उतरतो, तिथे स्वस्त सेन्सर हार मानतो. सकाळी खिडकीजवळ ताट ठेवून फोटो काढा आणि लेन्सवरचं तेलाचं बोट आधी पुसा. निम्मे ‘धुरकट कॅमेरे’ मी पंचाच्या टोकाने दुरुस्त केलेत, फुकटात.

प्रश्न : महूला आमच्या भागात बीएसएनएलचीच रेंज बरी. स्वस्त फोनमध्ये ते चालेल का?
– निवृत्त शिक्षक, महू

उत्तर : चालेल, पण बँड, म्हणजे फोन कोणत्या लहरी पकडतो ते, बघून घ्या, सर. बीएसएनएलचं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे. फोनच्या तपशिलात ४जीच्या ओळीत बँड २८ (७००चा) आणि बँड १ (२१००चा) असायला हवेत. पुष्कळ स्वस्त फोनांत २८ गाळलेला असतो, आणि घराच्या आत भिंती ओलांडून पोचणारा तोच. बाकी काही बघू नका, एवढं बघा.

प्रश्न : नवा आठ हजारांचा घेण्यापेक्षा आठ हजारांत जुना, एके काळचा महाग फोन घेतला तर? जेल रोडवर सर्रास मिळतात.
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : मिळतात, आणि त्यातले काही नव्या स्वस्त फोनपेक्षा खरोखर सरस असतात. स्टोरेज वेगवान, स्क्रीन सुरेख, कॅमेरा दहा पट बरा. पण तीन गोष्टींवर सौदा मोडायची तयारी ठेवा.

पहिली, बिल आणि आयएमईआय. फोनवर *#०६# दाबा, जो १५ आकडी नंबर येईल तो खोक्याशी नि बिलाशी जुळवा. मग मेसेजमध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम, जागा सोडून तो नंबर लिहून १४४२२ वर पाठवा. सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरही तपासता येतं. नंबर ब्लॅकलिस्ट किंवा डुप्लिकेट निघाला तर चहासुद्धा न घेता उठा. चोरीचा फोन कोणी तक्रार केल्यावर बंद पडतो, आणि तेव्हा विकणारा ओळख दाखवत नाही.

दुसरी, बॅटरी. लिथियमची बॅटरी साधारण ५०० ते ८०० पूर्ण चार्जनंतर मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरते. तीन वर्षं वापरलेला फोन तिथे पोचलेला असतोच, तेव्हा नव्या बॅटरीचे पैसे किमतीत धरून भाव करा. बॅटरी ‘नवी टाकली’ म्हणत असतील तर कोणत्या कंपनीची ते विचारा, आणि मागचं झाकण किंचित उचललेलं नाही ना, नखाने चाचपा.

तिसरी तीच जुनी, अपडेट. तीन-चार वर्षांपूर्वीच्या पुष्कळ महाग फोनांचे अपडेट आता संपलेत किंवा संपत आलेत. गाणी, फोटो, गाडीत नकाशा यासाठी असा फोन मी बिनधास्त घेईन. बँकेचं सिम त्यात घालणार असाल तर नवा स्वस्तच घ्या.

प्रश्न : स्वस्त फोनचं रेडिएशन जास्त असतं का?
– एक आजोबा, टिळकनगर, इंदूर

उत्तर : नाही, आजोबा. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून स्वस्त असो की महाग, सगळ्या फोनांना एकच मर्यादा आहे, शरीराच्या दर किलोला १.६ वॉट. *#०७# दाबलं की तुमच्या फोनचा आकडा समोर येतो. काही फोनांत तो डोक्यापाशी वेगळा आणि अंगापाशी वेगळा दाखवतात, दोन्ही १.६ च्या आत हवेत. आकडा आलाच नाही तर खोक्यातल्या माहितीपत्रकात असतो. खोकं टाकून दिलं असेल तर फोन घेऊन दुकानावर या, सोमवार सोडून.